आपली आवड

गेल्या दिवाळीत माझ्या नातवाने मला एक भेट दिली. लाडवांच्या डब्याएवढा एक काळा कर्णा, आणि माझ्याच फोनमध्ये बसवून दिलेली गाण्यांची एक पेढी. पेढी म्हणण्याचे कारण असे की, तिच्यात कोट्यवधी गाणी ठेवीसारखी पडून असतात आणि महिन्याची ठराविक रक्कम भरली की त्यांतले वाटेल ते काढून ऐकता येते. "आजोबा, आता हवं ते गाणं, हवं तेव्हा," नातू म्हणाला. मी भीतभीत दत्तात्रेय विष्णु पलुस्करांचे नाव घेतले. नाव घेण्याची खोटी, बोवा गाऊ लागले!

पलुस्कर आम्हा नाशिककरांच्या अभिमानाचा विषय. वडील विष्णु दिगंबरांनी येथे रामनाम आधार आश्रम काढला, चिरंजीवांचा जन्म नाशकातला, आणि उण्यापुऱ्या चौतिसाव्या वर्षी, १९५५ च्या ऑक्टोबरात, ते गेले तेव्हा आमच्या वाड्यात त्या दिवशी चूल उशिरा पेटली होती असे मला अंधुक आठवते. त्यांच्या ज्या ध्वनिमुद्रिकांसाठी माझे तात्याकाका मुंबईच्या दुकानांतून वणवण करीत, त्या आता मी आरामखुर्चीत बसून, चहा निवण्याच्या आत, एकामागून एक ऐकत होतो. सुख म्हणतात ते ह्याहून निराळे काय असणार?

हे सुख सहा महिने भोगल्यावर एका सकाळी दाढी करताना माझ्या ध्यानात आले की, ह्या सहा महिन्यांत मला न आवडणारे एकही गाणे माझ्या कानावर पडलेले नाही. राजेरजवाड्यांनासुद्धा हे भाग्य नव्हते. त्यांच्या दरबारी गवयाला अधूनमधून सर्दी तरी होई. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी विचार करू लागलो. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला सहा महिने कोणी विरोध केला नाही, तर एक तर तो फार थोर झाला असला पाहिजे किंवा लोकांनी त्याचा नाद सोडला असला पाहिजे. माझ्या बाबतीत पहिली शक्यता घरात कोणी मान्य केली नसती.

ह्या पेढीची बोलण्याची रीतही मला खटकू लागली. उघडली की पाटी झळकते: खास तुझ्यासाठी. मला ह्या वयात 'अरे-तुरे' करणारी माणसे आता एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत, म्हणून तशी ही सलगी गोडच वाटायला हवी. पण ती पाटी पाहिली की मला आठवण होते ती आकाशवाणीवरच्या एका जुन्या कार्यक्रमाची. श्रोत्यांनी पत्रे पाठवायची आणि त्यांच्या पसंतीची मराठी गाणी केंद्राने वाजवायची. नाव होते 'आपली आवड'. हे नाव ज्याने कोणी सुचवले असेल त्याला मराठीची नस सापडली होती. 'आपली' हा शब्द मोठा लबाड आहे. आदराने समोरच्याला म्हटले तर 'आपली' म्हणजे तुमची. पण तोच शब्द, बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही पोटात घेऊन, 'तुमची आमची सर्वांची' असाही होतो. गाणे मागितलेले असे येवल्याच्या नाहीतर निफाडच्या कोणा श्रोत्याने. ऐकत मात्र बसे सारा महाराष्ट्र. मागणाऱ्याची 'आपली' गाणे संपेपर्यंत सगळ्यांची 'आपली' होऊन जाई.

आमच्या वाड्यात रेडिओ आला तो १९५४ साली. वाडा तिवंध्याजवळ, चौकाचा, तीन बिऱ्हाडकरू असलेला. तात्याकाकांनी मर्फीचा संच घेतला, गच्चीवर काठ्या रोवून तार ताणली आणि पोस्टात जाऊन परवाना काढला. त्या काळी घरात रेडिओ ठेवायचा तर सरकारला दरसाल फी भरावी लागे; ऐंशीच्या दशकात ते कलम गेले. संच ओटीवरच्या कोनाड्यात बसला आणि त्याला आजीने क्रोशाचा रुमाल घातला. नभोवाणी हा शब्द तेव्हा छापील मजकुरात असे. वाड्यात सगळे 'रेडिओ'च म्हणत, आणि आजी 'पेटी' म्हणे.

पुढल्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. केंद्रावरच्या सीताकांत लाडांची कल्पना, गदिमांची गीते आणि सुधीर फडक्यांचे संगीत. दर आठवड्याला एक नवे गीत. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून बावन्नाची छप्पन्न गीते झाली आणि पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत ती चालली. पुण्यामुंबईकडे लोक रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत, हे पुष्कळांनी लिहून ठेवले आहे. आमची तर पंचवटीच नदीपलीकडे! आजी सकाळी गंगेवरून येताना काळारामाचे दर्शन घेऊन येई, आणि मग पेटीपुढे हात जोडून बसे. हवा खराब असली की पुण्याचा आवाज खरखरीत बुडे. मग तात्याकाका बटण केसाएवढे फिरवीत आणि सारा वाडा श्वास रोखून त्यांच्या बोटांकडे पाही.

आम्हा पोरांना त्यातले अर्धेअधिक कळत नसे. पण ऐकावे लागे. तसेच गावकऱ्यांच्या कार्यक्रमात कांद्याचे, गुळाचे, शेंगदाण्याचे भाव ऐकावे लागत, कारण त्यानंतर कदाचित गाणे लागणार असे. गूळ महाग झाला की कोणाच्या तरी घरी चिंता असेल, हे मला त्या वयात कळले ते शाळेत नव्हे, गाण्याची वाट पाहताना. स्वतःसाठी नसलेले पुष्कळ काही कानात साठून राहिले, आणि आज पाहतो तो माझ्या शहाणपणाचा बराचसा भाग त्याच अडगळीतून आलेला आहे.

तर ह्यावरून मी एक सिद्धान्त बांधला. म्हातारपणी माणसाला दोनच छंद परवडतात, औषधे आणि सिद्धान्त. माझा सिद्धान्त असा: रेडिओने आपल्याला चांगले संगीत दिले ही त्याची थोरवी नव्हे, चांगले संगीत ही नवी पेढी त्याच्या शतपट देते. रेडिओने दुसऱ्याची आवड सोसायला शिकवले. ज्या समाजात माणसे दुसऱ्याचे गाणे शेवटपर्यंत ऐकू शकत नाहीत, ती दुसऱ्याचे म्हणणे शेवटपर्यंत कसे ऐकणार?

सिद्धान्त मला इतका आवडला की तो आधी कोणाला तरी ऐकवल्याशिवाय राहवेना. म्हणून मी इंदिरानगरला काकूकडे गेलो. पण काकूने त्याचे काय केले ते सांगण्यापूर्वी मला एका मोठ्या माणसाकडे वळले पाहिजे, कारण आमच्या वाड्यातल्या रेडिओवर तात्याकाकांच्या बोटांइतकीच त्यांचीही सत्ता चाले.

डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मूळचे पुण्याचे. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे ते दिल्लीत नभोवाणी खात्याचे मंत्री होते. संगीताचे स्वतः जाणकार. दरबारे गेली, संस्थाने गेली. आता रागसंगीताला राजाश्रय द्यायचा तर तो नभोवाणीनेच दिला पाहिजे, अशी त्यांची ठाम धारणा होती आणि तीत चूक काही नव्हते. शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला, दोन वर्षांनी संगीत संमेलने सुरू झाली. ज्या गवयांना तिकीट काढून ऐकण्याची ऐपत शंभरांतल्या दोघांना होती, ते आता खेड्यातल्या चावडीवर ऐकू येऊ लागले. पण केसकर एवढ्यावर थांबले नाहीत. चित्रपटांतली गाणी लोकांची अभिरुची बिघडवतात असे त्यांचे मत. म्हणून ती आधी कमी केली, मग गाण्यासोबत चित्रपटाचे नाव घ्यायचे नाही, कारण ती जाहिरात होते, असे ठरले. निर्मात्यांनी चिडून परवानगीच काढून घेतली, आणि चित्रपटगीत आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले.

झाले काय, तर लोकांनी बटण फिरवले. महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या फौजांसाठी उभारलेले लघुलहरींचे जबरदस्त प्रक्षेपक सिलोनच्या हाती आयते आले होते. १९५२ च्या डिसेंबरात तेथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानींचा आवाज हिंदुस्थानभर घुमू लागला. (ते २०२४ मध्ये निवर्तले, तेव्हा माझ्या पिढीला घरचे कोणी गेल्यासारखे झाले.) अखेर सरकारलाही उमजले आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली. दुरावलेल्या श्रोत्यांची ती समजूत होती.

केसकरांची थट्टा करणे सोपे आहे आणि आजवर पुष्कळांनी केली. मला ती करवत नाही. त्यांच्या आधी, १९४० साली, आकाशवाणीने हार्मोनियमलाही दाराबाहेर उभे केलेच होते, आणि ती बिचारी तीसएक वर्षे तशीच उभी राहिली. निवडणारा आला की नाकारणेही आले. पण एक गंमत मात्र नोंदवली पाहिजे. ज्या 'गीतरामायणा'पुढे आमची आजी हात जोडी, ते रचणारे दोघेही, माडगूळकर आणि फडके, चित्रपटांच्याच दुनियेत नावारूपाला आलेले. आणि आमच्या पलुस्करांनी ज्या १९५२ साली 'बैजू बावरा'त अमीर खाँसाहेबांबरोबर गाऊन देशभर नाव केले, त्याच वर्षी चित्रपटसंगीतावर गदा आली. चाळणीने गाळायचे म्हटले तर तांदूळ आणि खडा इतके वेगळे कधीच नसतात.

तात्याकाका केसकरांचे भक्त. 'सिलोन' हा शब्द आमच्या ओटीवर उच्चारायचा नाही. आणि अशा घरात १९५७ च्या वैशाखात काकू सून होऊन आली. वय अठरा, माहेर मनमाडचे, रेल्वेच्या चाळीतले. तिला चित्रपटाची गाणी जीव की प्राण होती, हे आम्हाला कळायला फार वर्षे लागली.

आता इंदिरानगरची गोष्ट. काकू शहाऐंशी वर्षांची आहे. दिसायला कमी झाले आहे, कान तल्लख. नातवाने तिच्याही फोनमध्ये तीच पेढी बसवून दिली आहे. मी गेलो तेव्हा ती पलंगावर भिंतीला टेकून कानात दोन बोंडे घालून बसली होती. बोंडे वायरची. बिनवायरची घे म्हटले तर म्हणाली, "पडली तर शोधायला वाकणार कोण? आणि कानातलं कसं, लोंबतं असावं."

मी माझा सिद्धान्त सविस्तर सांगितला. येवल्याचा श्रोता, गुळाचा भाव, गीतरामायण, सगळे. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली,

"तुमची ती आपली आवड ओटीवरची. माजघराला कुणी विचारलं होतं?"

मी म्हटले, "अगं, पण रेडिओ सगळ्यांसाठीच होता."

"रेडिओ होता. बटण नव्हतं. बारा वर्षांत एकदा हात लावला मी त्या पेटीला, पुसायला. ह्यांनी आत येऊन विचारलं, सुई कुणी हलवली म्हणून."

आणि मग तिने मला बुधवारची गोष्ट सांगितली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक हॉटेल होते. मालक गिऱ्हाइके जमावीत म्हणून बुधवारी रात्री सिलोन मोठ्याने लावी. वाड्याच्या मागील दारी तो आवाज बऱ्यापैकी येई. म्हणून काकूला बुधवारी रात्री आठ वाजता मागील दारी नेमके काही तरी काम निघे. कधी उद्याचे तांदूळ निवडायचे, कधी शेंगा फोडायच्या. आजी साऱ्या आळीत सांगे, धाकटी सून कामाची, रात्रीसुद्धा हात रिकामा ठेवीत नाही. "निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसायची मी," काकू म्हणाली. "पावसाळ्यात आवाज यायचा नाही नीट. तेव्हा नुसतीच निवडायची."

मी त्या घरात वाढलो. बुधवारी तिच्याशेजारी बसून मी शेंगाही खाल्ल्या असतील. ती काय ऐकते आहे हे मला ऐकू आले नाही.

माझ्या सिद्धान्ताचे त्या दिवशी जे झाले ते मी येथे मोकळेपणाने नोंदवतो. दुसऱ्याची आवड सोसणे हा गुण खरा. पण तो आमच्या वाड्यात कोणाच्या अंगी होता? तात्याकाकांना कोणाची आवड सोसावी लागली नाही. मला थोडी लागली, पोर होतो म्हणून. काकूने सोसली ती मात्र पुरती बारा वर्षे. पुढे १९६९ मध्ये थोरला मुलगा हट्टाने ट्रान्झिस्टर घेऊन आला तेव्हा कुठे माजघरात आवाज आला. आणि जे टाळणे आपल्या हाती नव्हते ते सोसले, तर त्याला सद्गुण म्हणावे काय? उपास आणि उपासमार ह्यांत पोट सारखेच रिकामे असते. आम्ही ज्याला एकत्र ऐकणे म्हणून मिरवतो त्यात कोणाचा उपास होता आणि कोणाची उपासमार, हे ताटावर बसलेल्यांनी ठरवायचे नसते.

मिल नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १८६१ साली असा एक विचार मांडला की, दोन सुखांपैकी वरच्या प्रतीचे कोणते हा वाद पडला तर ज्याने दोन्ही सुखे चाखली आहेत त्याचा कौल घ्यावा. कॉलेजात हे वाचले तेव्हा मला वाटले होते की हा कौल तात्याकाकांच्याच बाजूने पडणार. मिलची कसोटी प्रामाणिकपणे लावली तर आमच्या वाड्यात न्यायाधीश होण्याची पात्रता एकट्या काकूची होती. ओटीवरचा ख्याल तिने दाराआडून ऐकला आणि गल्लीतले चित्रपटगीत मागील दारातून ऐकले. तात्याकाकांनी एकच चाखले होते. डॉ. केसकरांचे मला ठाऊक नाही.

मी तिला विचारलेच. "मग कोणतं श्रेष्ठ, काकू?"

"काय रे हे परीक्षेसारखं," ती म्हणाली. थोडा वेळ गप्प राहिली. "ह्यांच्यामुळे मला भूप कळला, यमन कळला. पहिल्या सुराला ओळखते मी आता. नाही कशाला म्हणू? पण ह्यांना माझं एक गाणं कळलं नाही. बेचाळीस वर्षांत एक नाही."

तात्याकाका १९९९ मध्ये गेले.

हे ऐकल्यावर नव्या पेढीविषयीचे माझे मत मला पुन्हा तपासावे लागले. बटण ज्यांच्या हाती कधी नव्हते त्यांच्या हाती ते आले आहे. ही लहान गोष्ट नाही. मनमाडच्या चाळीतल्या मुलीला शहाऐंशीव्या वर्षी का होईना, बुधवारची वाट न पाहता तिचे गाणे मिळते आहे. ज्याला हे स्वातंत्र्य उथळ वाटते त्याने एक पावसाळा निवडलेले तांदूळ निवडून पाहावे.

तरीही माझी अस्वस्थता सारी गेली नाही, आणि ती का गेली नाही हे सांगायचे तर ह्या पेढीचा कारकून कसा काम करतो ते पाहिले पाहिजे. नातवाने मला ते दोन-तीनदा समजावून दिले. आकाशवाणी म्हणजे पाऊस. प्रक्षेपक एकदा बोलतो, आणि ऐकणारा एक असो की एक लाख, त्याला कळत नाही, खर्चही वाढत नाही. पेढी म्हणजे नळ. प्रत्येकाला स्वतंत्र धार, आणि प्रत्येक नळाला मापक. मी कोणते गाणे अर्ध्यावर सोडले, कोणते पुन्हा लावले, हे सारे खतावणीत चढते. मग माझ्यासारखी खतावणी आणखी कोणाची आहे ते कारकून शोधतो, आणि त्यांनी जे ऐकले ते माझ्या पुढ्यात ठेवतो. स्पॉटिफाय ही परदेशी पेढी २०१९ मध्ये आपल्याकडे आली. तिच्या हिशेबात गाणे ३० सेकंद वाजले की ते ऐकले असे धरतात. तीस सेकंदांत आमच्याकडच्या बैठकीत तंबोरे जुळायला सुरुवातही होत नाही!

ह्या कारकुनाला दुष्ट म्हणता येणार नाही. तो मला ओळखत नाही, आणि मी सुधारावे अशी त्याची इच्छाही नाही. केसकरांना माझे भले हवे होते, माझी आवड नको होती. ह्याला माझी आवड हवी आहे, माझ्या भल्याशी कर्तव्य नाही. पण एका बाबतीत दोघांची जात एक: दोघांच्याही हिशेबात माझा शेजारी नाही. केसकरांच्या खोलीत मी आणि माझा गुरू. ह्याच्या खोलीत मी आणि माझी सावली. येवल्याचा तो श्रोता दोन्हीकडे बाहेरच.

वस्तूचा हा दोष नाही, हेही येथे सांगून टाकतो. आकाशवाणीची केंद्रे आता फोनवरही लागतात, आमचे नाशिक केंद्र १०१.४ वर ऐकू येतेच. आणि काही खासगी वाहिन्या अशा आहेत की सकाळपासून रात्रीपर्यंत तीच ती गाणी दळतात आणि मधल्या वेळात ओरडतात. लहरींवरून आले म्हणून पुण्य आणि तारेवरून आले म्हणून पाप, असा भाबडा भेद मी करीत नाही. प्रश्न एवढाच की, बटण प्रत्येकाच्या हाती आल्यावर दुसऱ्यासाठी ते आपण होऊन कोणी सोडील काय? सोसणे हा गुण आहे की नाही, ह्याची परीक्षा खरे तर आताच कुठे सुरू झाली आहे. पूर्वी ती देण्याची कोणावर वेळच आली नव्हती. काहींचे बटण होते आणि बाकीच्यांचा इलाज नव्हता.

मी काकूला म्हटले, "तुला तुझं गाणं मिळालं हे छानच झालं. पण माझ्या फोनला मी एकटाच माहीत आहे. तो मला माझ्याबाहेर जाऊच देत नाही."

काकू हसली. "माझ्याचा मात्र घोटाळा झालाय. नातू म्हणतो, आजी, तुझ्या फोनला वाटतं इथे दोघं राहतात." आणि तिने तो माझ्यापुढे धरला. खरेच होते. तिच्या यादीत जुनी चित्रपटगीते, मध्येच पलुस्कर, पुन्हा दोन गाणी, मग एक बडा ख्याल. कारकून बिचारा दोन खतावण्या एकीत मांडून बसला होता.

"तू ख्याल लावतेस?"

"सकाळी. चहाच्या वेळेला. ह्यांची वेळ ती." मग जरा थांबून, "आवडतात असं नाही रे सगळे. लावते."

मी काही बोललो नाही. बाहेर स्वयंपाकघरात चकलीचे पीठ मळणे चालले होते; धाकट्या पणतीला सोऱ्या फिरवायचा होता आणि तिची आई तो देत नव्हती. काकूने डाव्या कानातले बोंड काढले, पदराला पुसले आणि माझ्यापुढे धरले. वायर आखूड, म्हणून मला खुर्ची पलंगाला खेटून घ्यावी लागली. गाणे सुरू होते ते मला कधीच आवडलेले नाही. त्यातले ते व्हायोलिनांचे कढ, तो मध्येच येणारा बासरीचा लाडिकपणा. तात्याकाका असते तर उठून गेले असते. काकू डोळे मिटून बसली होती आणि तिच्या उजव्या हाताची बोटे चादरीवर काही तरी निवडल्यासारखी हलत होती. मी शेवटच्या सुरापर्यंत ऐकले. ते आवडले नाही. दुसरे सुरू झाले तेव्हा काकूने एक डोळा उघडून मी आहे ना, ते पाहिले.

"हे हॉटेलात लागायचं," ती म्हणाली. "ह्याचं मधलं कडवं मी त्या काळी कधी ऐकलंच नाही. त्या वेळेला नेमकी तुझी आजी हाक मारायची."

आम्ही मधल्या कडव्याची वाट पाहू लागलो.